‘मी वादक आहे’ म्हणजे काय?



अनात्मवादावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. वर्षावासाच्या प्रवचनात, विहारातील रविवारच्या सभेत, पाक्षिकांच्या पानांतून ‘आत्मा नाही’ हे आपण इतक्या वेळा ऐकलेले आहे की, ते बहुतेकांना तोंडपाठ झाले आहे. कोणी आत्मावादी पंडित वादास उभा राहिला, तर आपला दहावीतला मुलगाही त्याला दोन प्रश्न विचारून गप्प करील. परंतु हा सिद्धांत दुसऱ्याच्या आत्म्याविरुद्ध वापरणे सोपे असते. स्वतःच्या ‘मी’विरुद्ध तो वापरणे फार कठीण, हे मला वयाच्या ५५ व्या वर्षी कळले. ते कोणत्या ग्रंथाने शिकवले नाही. माझ्या डाव्या हाताच्या करंगळीने शिकवले.

मी गिटार वाजवीत असे. १९७७ साली, मुंबईच्या गिरणगावात राहत असताना, दादरच्या एका गोवेकर ख्रिस्ती मास्तरांकडे मी शिकावयास जाऊ लागलो. पहिली गिटार जुन्या बाजारातली, कलकत्त्याच्या बनावटीची. तारांना गंज, मान किंचित वाकलेली. बोटांची टोके सोलून निघाली, मग त्यांवर घट्टे पडले. ‘एफ’चा बार कॉर्ड, म्हणजे एकाच तर्जनीने सहाही तारा दाबून धरणे, साधावयास मला पाच महिने लागले. पुढे नोकरी लागली, संसार झाला. पण संध्याकाळ गिटारची राहिली. जयंतीचे कार्यक्रम, बुद्ध-भीमगीतांचे जलसे, कव्वालीचे सामने, लग्नातील ऑर्केस्ट्रा, जेथे बोलावतील तेथे मी जात असे. आमच्या वस्तीत माझे पाळण्यातले नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे. लहान मुले ‘गिटारकाका’ म्हणतात, मोठी माणसे ‘गिटारवाले’ म्हणतात. पत्र घेऊन येणारा पोस्टमनसुद्धा ‘गिटारवाले कुठे राहतात?’ असेच विचारी. मला त्यात भूषण वाटे.

२०१४ च्या सुमारास करंगळी आपोआप आत वळू लागली. दुखत काही नसे. जेवताना, लिहिताना, बादली उचलताना हात ठीक. गिटारची मान हातात आली की मात्र करंगळी तळव्याकडे मिटे, आणि जितका जोर लावावा तितकी अधिक मिटे. मला वाटले, सराव कमी पडतो. म्हणून मी तासन्‌तास सराव केला आणि दुखणे वाढवून घेतले. अखेर डॉक्टरांनी नाव सांगितले: फोकल डिस्टोनिया. वर्षानुवर्षे त्याच त्या सूक्ष्म हालचाली करणाऱ्या हाताचा मेंदूतील नकाशा पुसट होतो, शेजारच्या बोटांच्या जागा एकमेकींत मिसळतात आणि एका बोटाला दिलेली आज्ञा दुसरेच बोट पाळते. व्यावसायिक वादकांपैकी अंदाजे १ टक्का लोकांना हा विकार होतो असे सांगतात. काहींना इंजेक्शनने किंवा नव्याने हात वळवून गुण येतो. खात्रीचा इलाज नाही. मला गुण आला नाही.

हा वृत्तांत सहानुभूतीसाठी लिहिलेला नाही. आपल्या समाजात गिरणीच्या चात्यात बोटे गेलेली माणसे आहेत, गटारात प्राण गेलेली माणसे आहेत. त्यांच्यापुढे एका करंगळीचे दुःख ते काय? लिहावयाचे आहे ते पुढे जे घडले त्याविषयी.

एका मुलाची गोष्ट

२०१८ च्या जयंतीला आमच्या वस्तीत गीतांचा कार्यक्रम होता. तोवर मी चार वर्षे करंगळी लपवून वाजवीत होतो. सोपे कॉर्ड घ्यावे, अवघड जागा आली की तारांवर नुसता हात फिरवावा, ध्वनिवर्धकवाल्याला माझा आवाज कमी ठेवावयास सांगावे. वस्तीतील एक १६ वर्षांचा मुलगा मोबाईलवर पाहून पाहून गिटार शिकला होता. तालमीत मी दोनदा चुकलो. तेव्हा तो पुढे आला आणि हलकेच म्हणाला, “काका, एवढा तुकडा मी वाजवू का? मला येतो.”

त्याला खरोखरच येत होता. आणि मी सर्वांदेखत म्हणालो, “मोबाईल बघून कोणी वादक होत नसतो. आधी तारा लावायला शीक.” लोक हसले. मुलगा खाली बसला. रात्री कार्यक्रमात नेमका तोच तुकडा माझ्या हातून कोलमडला, आणि मी ध्वनिवर्धकवाल्यावर ओरडलो. तो मुलगा त्यानंतर विहारात यायचा थांबला.

ही हिंसाच होती. मी पंचशील घेणारा माणूस. दारू नाही, जुगार नाही, खोटे बोलण्याचे सहसा कारण पडत नाही. मग एका होतकरू मुलाला चारचौघांत खाली पाडणारा हा कोण होता? करंगळी तर नव्हती. करंगळीला अपमान नसतो. अपमान ‘गिटारवाल्या’चा झाला होता. माझ्यात आत्मा नाही असे सांगत मी आयुष्य काढले, आणि आत्म्याचे सर्व काम करणारी एक मूर्ती मी घरातच बसवून ठेवली होती. तिला नैवेद्य दाखवीत होतो, आणि त्या दिवशी तिच्यापुढे एका पोराचा बळी दिला.

तेव्हा प्रश्न असा उपस्थित होतो: ‘मी वादक आहे’ हे वाक्य खरे आहे की खोटे? खरे असेल तर हात गेल्यावर मी कोण? आणि खोटे असेल तर चाळीस वर्षे वाजविले कोणी?

सुत्तांतील तीन वादक

आश्चर्य असे की, हा प्रश्न घेऊन मी सुत्तांकडे वळलो तेव्हा तेथे वाद्ये आणि वादक जागोजाग भेटले.

पहिली गोष्ट संयुत्त निकायातील वीणेची. ज्याने कधी वीणा ऐकली नाही असा एक राजा तिचा स्वर ऐकून मोहित होतो आणि तो स्वर आणावयास सांगतो. सेवक वीणा आणतात. राजा म्हणतो, वीणा नको, मला तो स्वर हवा. लोक त्यास समजावतात की वीणा अनेक अंगांची बनते: भोपळा, कातडे, दांडी, तारा, तार छेडण्याची कोण, आणि वाजविणाऱ्या माणसाचा योग्य प्रयत्न. राजा ऐकत नाही. तो वीणेचे तुकडे करतो, तुकड्यांच्या चिरफळ्या करतो, त्या जाळून राख उधळतो. स्वर सापडत नाही. भगवंत सांगतात, भिक्षू अशाच प्रकारे रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान तपासून पाहतो, आणि त्यांत ‘मी’ सापडत नाही.

ही गोष्ट मी पूर्वीही वाचली होती. परंतु अंगांच्या त्या यादीतील शेवटच्या अंगाकडे माझे लक्ष गेले नव्हते. यादीत ‘वादक’ नाही. वादकाचा प्रयत्न आहे. स्वराला भोपळा लागतो, तार लागते, श्रम लागतात. ‘मी वादक आहे’ हा अभिमान लागत नाही. तो नसला तरी स्वर उमटतो. किंबहुना, तो आड आला की स्वर बिघडतो, हे जयंतीच्या रात्री मी स्वतः अनुभवले.

दुसरी गोष्ट अंगुत्तर निकायातील सोणाची. चंपा नगरीचा हा श्रीमंताचा मुलगा गृहस्थाश्रमात वीणा वाजवीत असे. भिक्षू झाल्यावर त्याने इतके उग्र श्रम केले की, चालून चालून त्याचे पाय रक्ताळले. फळ दिसेना म्हणून घरी परतण्याचा विचार त्याच्या मनात आला. भगवंतांनी त्याला विचारले की, तारा फार ताणल्या तर वीणा वाजे काय? फार सैल सोडल्या तर वाजे काय? दोन्ही वेळा सोण ‘नाही’ म्हणाला, आणि श्रमांचा तोल त्याला समजला.

या गोष्टीचा उपयोग आपण मध्यम मार्ग सांगण्यासाठी करतो, आणि ते योग्यच आहे. पण तीत आणखी एक गोष्ट आहे. सोणाने वीणा सोडली होती, तरी वीणेने त्याला दिलेले ज्ञान सुटले नव्हते. भगवंतांनी ते ज्ञान पुसून टाकावयास सांगितले नाही. उलट, त्याच ज्ञानाच्या आधारे त्याला पुढे नेले. आणि त्याला ‘वीणावादका’ म्हणून गोंजारलेही नाही. कर्तबगारी आणि ओळख या दोन वस्तू वेगळ्या आहेत, हे येथे दिसते.

तिसरी गोष्ट तालपुटाची. तो नटांच्या एका गावाचा प्रमुख. राजगृहाच्या वेळुवनात येऊन तो भगवंतांना विचारतो: आमच्या जुन्या आचार्यांनी सांगितले आहे की, रंगभूमीवर लोकांना हसविणारा नट मरणानंतर हसऱ्या देवांच्या सहवासात जातो, हे खरे काय? भगवंत तो प्रश्न टाळू पाहतात. तो तिसऱ्यांदा विचारतो, तेव्हा ते सांगतात की, राग, द्वेष आणि मोहाने बांधलेल्या लोकांना त्यांतच अधिक गुंतविणाऱ्यास आणि स्वतः त्यात धुंद झालेल्यास चांगली गती नसते. तालपुट रडू लागतो. परंतु तो सांगतो की, आपण या उत्तरामुळे रडत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आचार्यांनी आपल्याला फसविले म्हणून रडतो.

या सुत्तातील स्वर्गनरकाची भाषा मी त्या काळाची भाषा समजून वाचतो. पण त्या रडण्याचा अर्थ आजही ताजा आहे. तुझा धंदा हाच तुझा मोक्ष, असे पिढ्यान्‌पिढ्या कोणी सांगितले, आणि त्या सांगण्यात सांगणाराची सोय होती. हे आपल्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार?

हलगी

माझे वडील गावाकडे हलगी वाजवीत. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी देवाची पालखी असो, पाटलाच्या घरचे लग्न असो, कोणाचे मयत असो, आमच्या घरच्या माणसाने हलगी घेऊन पुढे चालावयाचे. पुढे चालावयाचे, पण देवळाच्या पायरीपाशी थांबावयाचे. लग्न लागले की मांडवाबाहेर बसावयाचे आणि उरलेले अन्न पदरात घ्यावयाचे. सर्वांनी ऐकावयाचा तो नाद आमचा, आणि कोणी शिवावयाचा नाही तो हातही आमचा.

१९५७ साली वडिलांनी तालुक्याच्या गावी दीक्षा घेतली. परत आल्यावर त्यांनी गावकीचे वाजविणे बंद केले. गावाने बहिष्कार घातला. चार महिने दळण बंद, दुकान बंद. १९५८ साली कनिष्ठ गावकीची वतने नष्ट करणारा कायदा झाला, त्याच वर्षी वडील मुंबईस येऊन गिरणीत बदली कामगार म्हणून लागले.

मी गिटार शिकू लागलो तेव्हा एकदा शहाणपणाच्या भरात त्यांना म्हणालो, “आबा, तुम्ही कला सोडली. दुसऱ्या देशात असता तर मोठे कलावंत म्हणून नाव झाले असते.” ते चाळीच्या गॅलरीत बसले होते. जरा वेळाने म्हणाले, “वाजवायचं न्हाई सोडलं मी. वाजवावं लागायचं, त्ये सोडलं.”

आणि ते खरे होते. जयंतीच्या मिरवणुकीआधी चाळीतील पोरांना लेझमीचा ताल तेच बसवून देत, तोही रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर. बोटे तीच, ताल तोच. गेले होते ते फक्त नाव. दुसऱ्यांनी जन्माआधीच त्यांच्या कपाळावर लिहून ठेवलेले ‘वाजंत्री’ हे नाव त्यांनी पुसले होते. त्या वेळी मला त्यांचे बोलणे खेडवळ वाटले. आज वाटते, अनात्मवादाचे इतके नेमके भाष्य मी दुसरीकडे ऐकलेले नाही.

मी मात्र काय केले? बापाने घाम गाळून पुसलेल्या जागी मी नवे नाव कोरले. जन्माने चिकटलेले ‘वाजंत्री’ गेले आणि हौसेने चिकटवलेले ‘गिटारवाले’ आले. पहिले अपमानाचे होते, दुसरे मानाचे. चिकटण्याची रीत तीच होती.

एक आक्षेप

येथे एक गंभीर आक्षेप घेतला जाईल, आणि तो घेतला पाहिजे. कोणी म्हणेल: ज्यांना हजारो वर्षे नाव नव्हते, त्यांना आता कोठे गायक, कवी, शाहीर, चित्रकार अशी ओळख मिळत आहे. अशा वेळी ‘ओळख सोडा’ हा उपदेश कोणाच्या सोयीचा? पोट भरलेल्याने उपाशी माणसाला भोजनाची आसक्ती सोडावयास सांगण्यासारखे हे आहे. शिवाय, नावाचे महत्त्व खुद्द बाबासाहेबांनी ओळखले होते. मे १९३६ मध्ये मुंबईत भरलेल्या महार परिषदेतील भाषणात धर्मांतराबरोबर नामांतराचाही त्यांनी विचार मांडला होता. नावाला अर्थ नसता, तर आपण आज स्वतःस बौद्ध कशास म्हणवितो?

या आक्षेपात पुष्कळ तथ्य आहे. त्याचे उत्तर मला सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात सापडते. ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने, हा तेथील वाद. भगवंत सांगतात की, माणसांत पशुपक्ष्यांसारख्या जाती नाहीत. वेगळेपण आहे ते केवळ व्यवहारातल्या नावांचे. जो शेतीवर जगतो तो शेतकरी, जो कारागिरीवर जगतो तो कारागीर, जो व्यापार करतो तो व्यापारी. हे सुत्त आपण जातीविरुद्ध वापरतो. परंतु त्याला दोन धारा आहेत. कर्माने नाव मिळते, जन्माने नाही, ही पहिली. हिने ‘वाजंत्री’ हे जन्मनाम कापले जाते. आणि नाव जर कर्माने मिळत असेल, तर कर्म थांबताच नावही थांबते, ही दुसरी. हिने ‘गिटारवाले’ कापले जाते. पहिली धार आपल्याला आवडते, कारण ती दुसऱ्याची मिजास उतरविते. दुसरी आवडत नाही.

म्हणून नाव टाकावयाचे नाही, नावाचा उपयोग ओळखावयाचा आहे. मिलिंद राजाशी बोलताना नागसेनांनी रथाचा दृष्टान्त दिला. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, तरीही रथ या नावाने व्यवहार चालतो आणि राजा रथात बसूनच आलेला असतो. ‘कलावंत’ हे नाव असेच वापरावे. मानधनाची बोलणी करताना, मंचावर हक्काने उभे राहताना, मुलांना आत्मविश्वास देताना ते जरूर वापरावे. त्या रथाने अंतर तोडावे. परंतु मुक्कामी पोचल्यावर रथ डोक्यावर घेऊन कोणी घरात शिरत नाही.

‘बौद्ध’ या नावाचेही असेच आहे. ते नाव शीलाने, आचरणाने धारण करावयाचे आहे. ज्याने ते केवळ दाखल्यावरील शब्द म्हणून ठेवले, त्याने धर्मांतर केले असे नव्हे. त्याने पाटी बदलली.

दूर देशांतील तीन उदाहरणे

हात किंवा स्मृती गमावलेले वादक जगात पुष्कळ झाले. त्यांपैकी तिघांविषयी मी शोधून वाचले.

जँगो राइनहार्ट हा रोमा, म्हणजे युरोपात ज्यांना जिप्सी म्हणून हिणवीत त्या समाजात १९१० साली जन्मलेला गिटारवादक. १९२८ साली, वयाच्या १८ व्या वर्षी, राहत्या गाडीस आग लागून त्याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटे निकामी झाली. त्याने उरलेल्या दोन बोटांनी तारांवर धावण्याची नवी रीत बसविली, आणि आज जगभर जाझ गिटार शिकणारे त्या रीतीचा अभ्यास करतात. जुना वादक परत आणण्याचा हट्ट त्याने धरला असता, तर नवा झालाच नसता.

दुसरा लिऑन फ्लायशर हा अमेरिकेतील नामांकित पियानोवादक. १९६४ साली त्याच्या उजव्या हाताची बोटे आत वळू लागली. तोच माझा विकार. तो प्रथम निराशेने खचला. नंतर त्याने केवळ डाव्या हातासाठी रचलेले संगीत वाजविले, वाद्यवृंदाचे संचालन केले आणि शिष्य घडविले. आपले नाते संगीताशी आहे, दोन हातांनी पियानो वाजविणारा म्हणून मिळालेल्या ओळखीशी नाही, हे त्याच्या ध्यानात आले. सुमारे तीस वर्षांनी उपचारांनी त्याचा उजवा हात बराच सुधारला. पण मधली तीस वर्षे त्याने वाट पाहण्यात घालविली नव्हती.

तिसरे उदाहरण सर्वांत विलक्षण. पॅट मार्टिनो हा फिलाडेल्फियाचा जाझ गिटारवादक. १९८० साली मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. शुद्धीवर आला तेव्हा गतायुष्याची स्मृती गेलेली. आईबाप ओळखू येईनात. आपण गिटार वाजवितो हेही ठाऊक नाही. आपल्याच जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकून, जणू परक्याच्या ऐकाव्यात तशा, तो पुन्हा शिकला आणि १९८७ साली पुन्हा मंचावर वाजवू लागला. २०२१ साली तो निवर्तला.

येथे आत्मावाद्याला विचारावे: १९८० पूर्वीचा मार्टिनो आणि १९८७ चा मार्टिनो एकच की दोन? एकच म्हणावे, तर ‘मी’ म्हणून ज्याची खूण पटवावी ती स्मृती गेलेली होती. दोन म्हणावे, तर त्या बोटांत पूर्वीच्या श्रमांचे संस्कार कोठून आले? मेंदूत घटनांची स्मृती आणि हातांच्या कसबाची स्मृती वेगवेगळ्या रीतीने साठतात, असे शास्त्र सांगते. तेव्हा तोच आला असेही नाही, दुसराच आला असेही नाही. कारणांची साखळी पुढे चालू राहिली. एका दिव्यावरून दुसरा दिवा पेटतो तेव्हा ज्योतीचा आत्मा उडून जात नाही, उजेड मात्र पुढे जातो, असे आपण ऐकत आलो. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात आत्म्याशिवाय पुनर्भवाचा विचार मांडला आहे. माझ्यापुरता त्याचा अर्थ मी असा घेतला: माझ्या बोटांतील ताल माझ्या बोटांतच संपला पाहिजे, असा काही नियम नाही.

मग उरले काय?

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. ‘मी वादक आहे’ या एका वाक्यात मला तीन गाठी दिसतात. ‘ही गिटार माझी’ ही पहिली. ती सैल असते. वस्तू जुनी झाली की माणूस नवी घेतो. ‘मी गिटारवादक’ ही दुसरी. ती घट्ट, कारण लोकही ती ओढून बांधतात. ‘वादकपणा हाच माझा गाभा, तो गेला तर मी उरत नाही’ ही तिसरी. ही दिसत नाही, पण एखाद्या मुलाने ‘मी वाजवू का?’ असे विचारले की काचते. वाजविणे खरे होते. श्रम खरे होते. ऐकणाऱ्यांना झालेला आनंद खरा होता. हा तिसऱ्या गाठीतला गाभा तेवढा कधीच नव्हता. म्हणून हात गेल्याने तो ‘गेला’ असेही म्हणता येत नाही.

संगीत हेच बंधन, ते सोडावे, असे कोणी यातून काढू नये. नृत्य-गीत-वाद्यापासून दूर राहण्याचे व्रत भिक्षूंचे आणि उपोसथाच्या दिवसाचे. गृहस्थाच्या पंचशीलात ते नाही. पंचशिख गंधर्वाने वीणेवर गीत गायिले, तेव्हा तारांचा आणि कंठाचा मेळ चांगला जमला अशी दाद भगवंतांनी दिल्याचे दीघ निकायात आहे. बाबासाहेबांनी तर उतारवयात, कामाच्या डोंगराखाली असताना, व्हायोलिन शिकावयास घेतले होते. कोणी त्यांना व्हायोलिनवादक म्हणत नाही, आणि त्यांनाही तसे म्हणवून घ्यावयाचे नव्हते. शिकण्यात आनंद होता, एवढे कारण पुरे होते.

जयंतीनंतर सात महिन्यांनी मी त्या मुलाच्या घरी गेलो. त्याची आई दार उघडून म्हणाली, “काका, तो नाही बोलणार.” मी उंबऱ्यातच उभा राहून, त्याला आतून ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो की, त्या दिवशी चूक माझी होती, तो तुकडा तुला येत होता आणि मला येत नव्हता. एवढे वाक्य उच्चारावयास मला बार कॉर्डपेक्षा अधिक बळ लागले. तो त्या दिवशी बाहेर आला नाही. तीन आठवड्यांनी विहारात आला.

आज माझी गिटार त्याच्याकडे आहे. रविवारी विहारात दहाबारा मुले-मुली शिकतात. तो बोटे दाखवितो, मी डब्यावर ताल धरतो. डब्याला करंगळी लागत नाही. खोटे कशास बोलू, सारे जिंकले असे मुळीच नाही. कार्यक्रमात त्याच्या नावाची टाळी पडते तेव्हा अजून छातीत काही टोचते. टोचले की मी ते टोचणे पाहतो. टोचणारा कोणी तेथे सापडत नाही, आणि तोवर गाणे पुढे गेलेले असते.

वाचकांपैकी कोणी गायक असतील, कोणी शिक्षक, कोणी कार्यकर्ते, कोणी साहेब. निवृत्ती, आजार, तरुण पिढी, यांपैकी काहीतरी प्रत्येकाच्या दाराशी येणारच आहे. त्याआधी तीन प्रश्न स्वतःस विचारून पाहावेत. माझ्याहून चांगले करणारा समोर आला तर मला मुदिता होते की मत्सर? माझे काम चार दिवस थांबले तर मला कामाची आठवण होते की मानाची? आणि माझ्या नावामुळे कोणाला दार उघडते की कोणाचे बंद होते?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्वतः देऊ नये. ते वस्तीतल्या पोरांना विचारावे.